एक सामना हरला की वर्ष संपलं? महाविद्यालयीन फुटबॉल आणि साखळी सामन्यांचा हिशेब

आजचा विषय दिसायला छोटा आहे. आपल्या महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत साखळी सामने वाढवावेत का? वाढवायचे तर किती? आणि त्याची किंमत कोण मोजणार? आम्ही काही मित्र गेली काही वर्षं या स्पर्धांची वेळापत्रकं कागदावर मांडून, खोडून, पुन्हा मांडून बघतो आहोत. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो. शेवटी प्रश्नोत्तरं आहेतच, तेव्हा पटलं नाही तर जरूर भांडा.

सुरुवात एका प्रसंगाने करू. नाव सांगत नाही, महाविद्यालयही सांगत नाही. तिसऱ्या वर्षाचा एक गोलरक्षक. जूनपासून पहाटे साडेपाचला मैदानावर. पावसात सराव, चिखलात उड्या, मग घरी जाऊन आंघोळ आणि साडेआठचं लेक्चर. स्पर्धेचा दिवस उजाडला. पहिलाच सामना, समोर गेल्या वर्षीचा उपविजेता. सत्तर मिनिटं बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट, आणि हार. दुपारी बारा वाजता तो पोरगा मैदानाबाहेर वडापाव खात बसला होता. आम्ही विचारलं, "आता पुढे?" तो म्हणाला, "पुढे काही नाही सर. झालं."

हे "झालं" नीट ऐका. हंगाम संपला असं तो म्हणत नव्हता. तिसरं वर्ष म्हणजे त्याचं महाविद्यालयीन फुटबॉलच संपलं होतं. चार महिने सराव आणि सत्तर मिनिटं खेळ. आजच्या चर्चेत पणाला काय लागलंय, ते एवढ्यात येतं.

आपली रचना काय आहे?

ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी सगळेच खेळाडू नसतील, म्हणून रचना आधी सांगतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. खेळांच्या सोयीसाठी त्याचे विभाग पाडलेले आहेत आणि पुणे शहर हा त्यातला एक स्वतंत्र विभाग. आधी विभागातली महाविद्यालयं एकमेकांशी खेळतात, ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मग विभागांचे संघ एकमेकांशी खेळतात, ती आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो.

म्हणजे ही एक शिडी आहे, आणि तिची सगळ्यात खालची पायरी म्हणजे महाविद्यालयाचा सामना. बहुतेक ठिकाणी ही पायरी बाद पद्धतीची असते. हरला की घरी.

आता गंमत बघा. वरच्या पायरीवर, अनेक आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये, आधी बाद फेऱ्या होतात आणि शेवटी उरलेल्या चार संघांत साखळी खेळवली जाते. म्हणजे जे संघ सगळ्यात जास्त सामने खेळून आलेत, त्यांनाच आपण आणखी तीन सामने देतो. आणि ज्यांना खेळून शिकण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्या वाट्याला एक सामना. जेवणाच्या पंगतीत पोट भरलेल्यालाच आग्रह करावा, तसलाच हा प्रकार.

आधी साधं गणित

फळ्यावर सोळा संघ घेऊ. सोळा हा आकडा आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरलाय.

बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यानंतर एक संघ बाहेर जातो. सोळांतून एक विजेता काढायचा तर पंधरा संघ बाहेर जायला हवेत, म्हणून सामने १५. यात आठ संघ, म्हणजे बरोबर निम्मे, एकच सामना खेळून घरी जातात. संघ सोळा असोत वा बत्तीस, निम्म्यांच्या वाट्याला एकच सामना येतो. हा कुणाचा दोष नाही, पद्धतच तशी आहे.

दुसरं टोक म्हणजे पूर्ण साखळी. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. सोळा गुणिले पंधरा भागिले दोन, म्हणजे १२० सामने. प्रत्येक संघाला १५. न्याय पूर्ण, पण हे करायला मैदान कुठून आणणार आणि परीक्षा कधी देणार?

आता दुसरा हिशेब. समजा एक संघ खरोखर चांगला आहे. समोर कुणीही येवो, जिंकण्याची शक्यता ६० टक्के. सोळांच्या बाद स्पर्धेत विजेता व्हायला त्याला सलग चार सामने जिंकावे लागतील. ०.६ चारदा गुणा. उत्तर येतं सुमारे १३ टक्के. म्हणजे प्रत्येक सामन्यात वरचढ असलेला संघसुद्धा आठापैकी सात वेळा चषकाशिवाय परततो. आणि पहिल्याच दिवशी बाहेर जाण्याची शक्यता? ४० टक्के!

त्याच संघाला गटात तीन साखळी सामने द्या. बरोबरी बाजूला ठेवली तर तिन्ही हरण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास येते. एक वाईट दिवस पचवण्याची सोय झाली. पेनल्टी बाहेर गेली, मुख्य स्ट्रायकरला ताप आला, पंचांचा एक निर्णय चुकला, तरी हंगाम शिल्लक राहतो.

पण इथे आम्हाला आमच्याच बाजूविरुद्धचा मुद्दा सांगितला पाहिजे. सामने वाढवत गेलं की न्याय त्याच प्रमाणात वाढत नाही. ६० टक्क्यांचा तोच संघ एका प्रतिस्पर्ध्याशी तीन सामन्यांची मालिका खेळला तर जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. पाचांची मालिका, ६८. सातांची, ७१. म्हणजे पहिल्या काही सामन्यांनी सगळ्यात जास्त फरक पडतो, पुढच्या प्रत्येक सामन्याचा वाटा कमी कमी होत जातो. खर्च मात्र प्रत्येक सामन्याला तेवढाच. आजच्या उत्तराची किल्ली इथे आहे. तेव्हा "जास्तीत जास्त किती" याच्यामागे लागू नका. "कमीत कमी किती" हे आधी ठरवा.

रणजी करंडकाने काय शिकवलं?

फुटबॉलच्या व्याख्यानात क्रिकेट कशाला, असं कुणी म्हणेल. कारण हा प्रश्न आपल्या देशात सगळ्यात जास्त काळ, सगळ्यात जास्त प्रकारे रणजी करंडकात हाताळला गेला आहे. नव्वद वर्षांची प्रयोगशाळा आयती मिळतेय.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली ती बाद पद्धतीने. त्याच काळात महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा विजेतेपद पटकावलं. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, आपल्या टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. म्हणजे बाद पद्धतीत चांगले संघ जिंकतच नाहीत असं नाही. जिंकतात. पण बाकीच्यांचं काय होतं, हा आपला प्रश्न आहे.

१९५७-५८ पासून विभागीय साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. प्रत्येकाला आपल्या विभागातल्या बाकीच्यांशी खेळायला मिळू लागलं. सामने वाढले, उत्तम झालं. पण एक अट होती. विभागातून पुढे जाणार फक्त पहिला.

आता मुंबईचा पराक्रम आठवा. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा विजेतेपदं. याचा दुसरा अर्थ काय? जोपर्यंत विभागातून एकच संघ पुढे जात होता, तोपर्यंत, म्हणजे १९५८-५९ ते १९६९-७० अशी बारा वर्षं, पश्चिम विभागातला दुसरा कुठलाही संघ बाद फेरीत पोचूच शकला नाही. महाराष्ट्राचा संघ देशात दुसरा आहे की दहावा, हे कळायला मार्गच नव्हता. साखळी होती, पण तिचं दार एकाच माणसापुरतं उघडत होतं.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे. आणि त्याच वर्षी अंतिम सामना कुणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! महाराष्ट्र हरला, ते खरं. पण आदल्या वर्षीपर्यंत दोन पश्चिम विभागीय संघांत असा अंतिम सामना होणं नियमानेच अशक्य होतं. म्हणजे गुणवत्ता आधीपासून असणार, ती दिसायला जागा नव्हती.

यातून पहिला धडा हा, की नुसते साखळी सामने वाढवून भागत नाही, साखळीतून पुढे जाणारी वाट किती रुंद आहे तेही बघावं लागतं.

दुसरा धडा २००२-०३ नंतरचा. विभाग मोडून 'एलिट' आणि 'प्लेट' अशा दोन पातळ्या केल्या. तुल्यबळ संघ तुल्यबळांशी खेळू लागले. २०१०-११ मध्ये राजस्थानचा संघ प्लेट गटात होता. त्या हंगामात त्यांनी हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं, पदार्पणात दीपक चहरने दहा धावांत आठ बळी घेतले. तो संघ तसाच पुढे सरकत थेट रणजी विजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. कर्णधार आपल्या पुण्याचे हृषीकेश कानिटकर. खालच्या पातळीवर भरपूर सामने आणि वर जायला खुली वाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या की असं घडू शकतं.

तिसरा धडा ताजा आहे. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती आटोपशीर घेतली, चार-चार संघांचे गट आणि तीनच साखळी सामने. परिस्थिती निवळल्यावर २०२२-२३ मध्ये एलिट गटांत पुन्हा सात सामने. आणि २०२४-२५ मध्ये साखळी दोन टप्प्यांत विभागली. पाच सामने आधी, मधे मर्यादित षटकांच्या स्पर्धा, उरलेले दोन नंतर. ही दोन टप्प्यांची कल्पना लक्षात ठेवा. परीक्षांच्या अडचणीवर ती उपयोगी पडणार आहे.

अमेरिकेतही हेच भांडण

जगात हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असं नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल, म्हणजे त्यांचं अमेरिकन फुटबॉल, हा प्रचंड मोठा व्यवहार आहे. तिथे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. संघाचे नियमित हंगामात बारा सामने. त्यातले किती गटात खेळायचे आणि किती बाहेरच्यांशी, यावर वर्षानुवर्षं वाद. 'बिग टेन' या गटाने २०१६ पासून गटांतर्गत नऊ सामने सुरू केले. 'साउथईस्टर्न' गट १९९२ पासून आठांवर अडून बसला होता. त्यांनीही २०२५ मध्ये ठरवलं की २०२६ पासून नऊ.

एवढा उशीर का? हिशेब बघा. गटात सोळा संघ. बाहेरच्या एखाद्या दुबळ्या संघाशी खेळलं की बहुतेक वेळा विजय पदरात. तोच सामना गटात खेळला की आठ संघ जिंकणार आणि आठ हरणार, यातून सुटका नाही. म्हणजे गटाच्या खात्यात दरवर्षी आठ पराभव नक्की. हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांना पात्र व्हायला सहा विजय लागतात, तेव्हा मधल्या फळीतल्या संघाला तो एक पराभव महागात पडतो. शिवाय नऊ हा विषम आकडा, म्हणजे कुणाला घरच्या मैदानावर पाच सामने, कुणाला चार.

तिकडचा पैसा, तिकडची टीव्हीची गणितं आपल्याला लागू नाहीत. त्यांचा वाद आठ की नऊ असा आहे, आपला एक की तीन असा. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सामना वाढवला की तो कुणाला फायद्याचा आणि कुणाला तोट्याचा, हे आधी मांडायचं. सगळ्यांचं भलं होईल असं म्हणून कुठलाही नियम आणायचा नाही.

साखळीचे तोटेही सांगतो

साखळीचं गुणगान गाऊन आम्ही थांबलो तर ती फसवणूक होईल.

पहिला तोटा, निरर्थक सामने. दोन सामने हरलेला संघ तिसऱ्याला येतच नाही. मग 'पुढे चाल' दिली जाते आणि समोरच्याला फुकटचे गुण मिळतात. ज्या संघाशी हा संघ आधी घाम गाळून खेळला, त्याच्यावर तो अन्याय.

दुसरा तोटा, संगनमत. २५ जून १९८२, स्पेनमधलं खिखॉन शहर, विश्वचषक. पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. अल्जीरियाचे गटातले सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनी एक-शून्यने जिंकली तर दोन्ही युरोपीय संघ पुढे आणि अल्जीरिया बाहेर, हे सगळ्यांना ठाऊक. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. निकाल एक-शून्य. तेव्हापासून धडा घेऊन १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात. आपणही हे करू शकतो. शेजारशेजारच्या दोन मैदानांवर एकाच वेळी शिट्टी वाजवायची, एवढंच.

तिसरा तोटा, शरीर. सामने वाढले आणि दिवस तेवढेच ठेवले तर पोरं दुखापतीला बळी पडतात. सकाळी एक आणि दुपारी एक असे सामने लावणारी वेळापत्रकं आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा बाद पद्धत बरी. दोन सामन्यांत किमान दोन दिवसांची विश्रांती मिळणार नसेल तर साखळी वाढवूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि एक आक्षेप नेहमी येतो, की साखळीत चुरस नसते. याला उत्तर म्हणून जानेवारी २०२३ मधला मुंबई-महाराष्ट्र रणजी सामना आठवा. साखळीतलाच सामना. दोन्ही संघांचा पहिला डाव ३८४ धावांवर संपला, एका धावेचाही फरक नाही! सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ बाद फेरीला मुकले. चुरस गुणतालिकेतून येते. शेवटच्या फेरीत काहीतरी मिळण्यासारखं शिल्लक ठेवा, चुरस आपोआप येईल.

मग आपण काय करावं?

आमचा प्रस्ताव असा. सोळा संघांचे चार गट, प्रत्येकात चार संघ. गटात प्रत्येकाला तीन सामने, एकूण २४. गटातले पहिले दोन मुख्य चषकाच्या बाद फेरीत. आठ संघ, सात सामने. आणि तिसरे-चौथे आलेले आठ संघ? त्यांना घरी पाठवायचं नाही. त्यांचा वेगळा चषक, रणजीतल्या प्लेटसारखा. त्याचेही सात सामने. एकूण ३८.

यात प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळतात, अंतिम फेरीत जाणाऱ्याला सहा. तिसऱ्या सामन्याला निरर्थकपणा येत नाही, कारण दुसऱ्या चषकाची बाद फेरी कुणाशी खेळायची हे गटातल्या क्रमांकावर ठरतं. आणि सगळ्या स्पर्धेच्या फेऱ्या किती? सहा. आठवड्याला एक फेरी घेतली तर सहा आठवडे. तीन साखळी फेऱ्या पहिल्या सत्रात, मधे परीक्षा, उरलेल्या तीन फेऱ्या नंतर. रणजीची दोन टप्प्यांची कल्पना ती हीच.

विभागाचा संघ निवडायला अंतिम सामन्याची वाट बघायची गरज नाही. साखळी संपली की निवड समितीने प्रत्येक खेळाडूला किमान तीनदा पाहिलेलं असेल. आज पहिल्या फेरीत हरलेल्या संघातला चांगला बचावपटू निवड समितीने जेमतेम एकदा पाहिलेला असतो, तोही त्या दिवशी तिथे कुणी हजर असेल तर.

खर्चाचं काय? १५ चे ३८ म्हणजे अडीचपट. पंचांचं मानधन, मैदान, रुग्णवाहिका, चेंडू, मुलांचा नाश्ता. हे लपवून चालणार नाही. पण साखळीचे सामने एकाच ठिकाणी भरवण्याची गरज नसते. पुण्यात डेक्कन, शिवाजीनगर, टिळक रस्ता या पट्ट्यात मैदान असलेली महाविद्यालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गट भौगोलिक सोयीने पाडले आणि मैदान असलेल्या महाविद्यालयाने गटाचं यजमानपद घेतलं तर प्रवासाचा खर्च खाली येतो. फक्त एक पथ्य पाळायचं. भूगोल बघताना गेल्या वर्षीचे चारही उपांत्य फेरीतले संघ एकाच गटात कोंबायचे नाहीत. नाहीतर पश्चिम विभागातल्या त्या बारा वर्षांची पुनरावृत्ती होईल.

आणि एक गोष्ट या शहराला विशेष लागू आहे. पुणे फुटबॉल क्लब २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. तो बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायचा, २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. वरच्या पायऱ्या अशा निखळत गेल्या. अशा शहरात विशीतल्या मुलासाठी महाविद्यालयाचा सामना हीच मोठी संधी उरते. ती सत्तर मिनिटांची ठेवायची का, हे आपण ठरवायचं आहे.

प्रश्नोत्तरं

*एका महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक:* तुम्ही फळ्यावर छान मांडलंत. पण आमच्याकडे मैदान नाही, वर्गातली हजेरी भरायची असते, प्राचार्य एका दिवसाची परवानगी मुश्किलीने देतात. चार सामने म्हणजे चार परवानग्या. आम्ही संघच पाठवणार नाही, मग?

तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे सर. म्हणूनच आम्ही आठवड्याला एक फेरी आणि ती शक्यतो रविवारी, असं म्हणतोय. सलग चार दिवस मुलं वर्गाबाहेर राहण्यापेक्षा चार रविवार बरे. तरीही काही महाविद्यालयं गळतील. त्यासाठी नियम असा हवा, की प्रवेशिका देतानाच संघाने तीन सामन्यांची हमी द्यायची. ज्यांना जमणार नाही त्यांनी आधीच सांगावं, म्हणजे गट पाडताना अडचण येणार नाही. मधेच पुढे चाल देण्याने जे नुकसान होतं, ते आधी नाही म्हणण्याने होत नाही.

*एक विद्यार्थिनी:* सर, मुलींचे संघ सोळा नसतातच. आमच्या वेळी मोजून पाच-सहा संघ येतात. आमचं काय?

खरं म्हणजे साखळीची सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच आहे आणि ती सगळ्यात सोपी पण तुमचीच आहे. सहा संघांची पूर्ण साखळी म्हणजे पंधरा सामने, प्रत्येकीला पाच. सोळा संघांच्या बाद स्पर्धेला जेवढे सामने लागतात तेवढ्यातच पूर्ण साखळी होते! सुरुवात करायची असेल तर मुलींच्या स्पर्धेपासून करावी. ती यशस्वी झाली की मुलांसाठी मागायला तोंड राहील.

*एक ज्येष्ठ श्रोते:* आमच्या वेळी एकच सामना असायचा, जीव तोडून खेळायचो. आताच्या पोरांना तीन दिले तर पहिला ते सहज घेतील.

काका, जीव तोडून खेळायचात हे मान्य. पण तुमच्याबरोबरचे किती जण त्या एका सामन्यानंतर बूट ठेवून गेले, त्यांची गणती कुणी केली नाही. जिंकलेल्यांच्या आठवणी आपल्याला ऐकायला मिळतात. हरलेले इथे बोलायला येत नाहीत.

वेळ संपत आली. थोडक्यात सांगतो. पूर्ण साखळी आम्ही मागत नाही. पंधरा सामने नकोत. प्रत्येक संघाला किमान तीन सामने, दोन सामन्यांत पुरेशी विश्रांती, आणि गटातून पुढे जायला एकाहून अधिक जागा, एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी जे महाविद्यालयांत आहेत त्यांनी पुढच्या वर्षीची वेळापत्रकं ठरण्याआधी, म्हणजे जूनच्या आत, हा हिशेब आपापल्या क्रीडा शिक्षकांसमोर ठेवावा. फळ्यावरचे आकडे उतरवून घ्या, खोडून बघा, चूक सापडली तर आम्हाला कळवा.

तो गोलरक्षक आता नोकरीला आहे. रविवारी शाळेतल्या मुलांना गोलरक्षण शिकवतो. मागच्या वेळी भेटला तेव्हा त्याने विचारलं, "सर, या पोरांना तरी दुसरा सामना मिळेल ना?" आम्ही त्याला हो म्हटलं नाही. प्रयत्न करतोय, म्हटलं.